वाचून दाखवायचं राहिलेलं प्रकरण

ताई, तुमची वही मी उघडली. आधी हे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा होईन. सूसला राहणारा तुमचा भाचा कागदांचा गठ्ठा आणि वही माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, "आत्याचं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही. प्रकाशकांना काय द्यायचं ते तुम्हीच बघा." तुम्हाला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. दोन दिवस मी वही कपाटावर ठेवली. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दोन दिवस दम धरलास हेच नवल.

पौडला तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाकडे लढायांवर लिहिणारी बाई कशाला येईल? तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला वाटलं, उरवड्याला राहायला खोली घेतलीत, तिचा भाडेकरार करायचा असेल. तुम्ही पिशवीतून पेन्सिलीने लिहिलेले कागद काढलेत आणि म्हणालात, "प्रेमावर लिहिलंय. टाइप करशील?" दुकानात चार माणसं सातबाराचे उतारे हातात धरून बसलेली. ती सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी गडबडून विचारलं, "करीन की. किती प्रती?"

त्यावर तुम्ही जे हसलात, तिथून आपलं जमलं. पहिलं पुस्तक प्रेमाचं, दुसरं मरणाचं, तिसरं, आता छापायला जायचं राहिलेलं, धैर्याचं. छापायची नावं वेगळी होती, पण दुकानात हीच चालायची. कुणी खरेदीखताची वाट बघत बसलेला गडी सहज विचारायचा, "काय रशीदभाई, बाईंचं मरणाचं झालं का?" आणि मी म्हणायचो, "अजून दोन प्रकरणं आहेत."

तुम्ही तीस वर्षं बातमीदार म्हणून युद्धांच्या मागे फिरलात. कुठली कुठली गावं, त्यांची नावं टाइप करताना बोटांना घाम फुटायचा. पण तुमच्या पुस्तकांत तोफा कमी आणि माणसं जास्त. बाहेर गोळीबार चालू असताना लग्नाला कुठला रंग घालायचा यावरून भांडणाऱ्या दोघी बहिणी. मेलेल्या नवऱ्याच्या चपला रोज पुसून दाराशी लावणारी बाई. हे सगळं तुम्ही लिहायचात माझ्याच दुकानातल्या पाठकोऱ्या कागदांवर. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी जमिनीचा गट नंबर आणि चतुःसीमा, मागच्या बाजूला परदेशातला पाडलेला पूल. मी एकदा विचारलं, नवे कागद का घेत नाही? तुम्ही म्हणालात, "कोऱ्या कागदावर मी फार मोठी लेखिका होते. इथे जरा जमिनीवर राहते." हे खरं होतं की नुसती काटकसर, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि कुत्री! ताई, याचा उलगडा तुम्ही शेवटपर्यंत केला नाहीत. रणगाड्यासमोरून चालत गेलेली बाई उरवड्याच्या स्टँडवर दोन मरतुकडी कुत्री दिसली की कंपनीच्या कामगारांच्या मधोमध घुसून उभी राहायची. मी चिडवलं की म्हणायचात, "रणगाड्याला माझ्याशी काही देणंघेणं नसतं. कुत्रं माझ्याकडेच बघतं." धैर्यावर अख्खं पुस्तक लिहिणारीनं असं उत्तर द्यावं, आणि ते पुस्तकात मात्र घेऊ नये, हे काही मला पटलेलं नाही.

तुमची काम करायची तऱ्हा पुढे बदलली ती माझ्या दुकानात, हे मी उगाच फुशारकीने सांगत नाही. तुम्हीच सांगायचात. एकदा तुम्ही बाकावर बसला होतात आणि मी एका म्हाताऱ्या बाईंचं प्रतिज्ञापत्र करत होतो. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. अशा कागदाखाली एक ओळ घालावी लागते: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे. मग अंगठा. बरेच जण ती ओळ नुसती टाकतात. मी खरंच वाचून दाखवतो, कारण माझे वडील तसं करायचे. त्या बाईंनी मध्येच थांबवून एका जावेचं नाव दुरुस्त करायला लावलं आणि मग अंगठा दिला. तुम्ही हे सगळं बघत होतात. त्या गेल्यावर म्हणालात, "रशीद, तीस वर्षांत मी एकाही माणसाला त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचून दाखवलं नाही."

तेव्हापासून नेमच झाला. ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय प्रकरण छापायला जायचं नाही, आणि तो सांगेल ती दुरुस्ती शेवटची. मग माझ्या दुकानातून फोन लागायला लागले. तुम्ही इंग्रजीत वाचायचात, पलीकडे कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायचं, आणि ते माणूस हसतंय की रडतंय ते बाकावरच्या सगळ्यांना ऐकू यायचं. एका नर्सबाईने तुमची सगळ्यात लाडकी ओळ काढायला लावली. ती म्हणाली, "मी थकले होते म्हणून तसं बोलले, माझं ते मत नाही." तुम्ही ओळ काढलीत आणि दोन दिवस तोंड फुगवून बसलात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, बरोबर होतं तिचं.

धैर्याच्या पुस्तकाच्या वेळी तुम्ही बाकावरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला लागलात, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली? नांद्याचे बाळूकाका, ज्यांनी बिल्डरला जमीन दिली आणि तिथल्याच सोसायटीत फ्लॅट घेतला, ते म्हणाले, "लिफ्टमदी अडकलो तवा. ज्या वावरात भात लावला, त्याच्याच वर सातव्या मजल्याला लटकलो हुतो. खाली जमीन आपलीच, पर उतरता येईना." तुम्ही ते तसंच्या तसं घेतलंत. वाचून दाखवल्यावर काकांची दुरुस्ती एवढीच होती, की मजला आठवा करा.

मला मात्र तो प्रश्न तुम्ही कधी विचारला नाहीत. मी वाट बघत होतो. आता कारण कळतंय, पण तेव्हा थोडा रुसलो होतो.

आमचं घर दुकानाच्या मागेच. दुपारी माझी आई, हमीदा, आतून हाक मारायची, "बाई, च्या टाकलाय," आणि तुम्ही पेन्सिल कानाला लावून आत जायचात ती तासाभराने यायचात. मला वाटायचं, दोघी पाककृती सांगत असतील. माझी बायको शबाना म्हणायची, "न्हाई हो, दार लोटून बोलत्यात." मी म्हणायचो, बायकांच्या गप्पा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. जगभरची माणसं मी टाइप केली, आणि आतल्या खोलीत काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.

त्यानंतर ते सुलभाचं प्रकरण आलं. नांद्याची, शेतकरी घरातली, तरुण बाई. सासू चांगली, नवरा चांगला, चार वर्षांचा मुलगा. कुणी मारत नाही, कुणी टोचून बोलत नाही. एका दुपारी ती भांडी घासून पालथी घालते आणि तिला वाटतं, आता हेच, मरेपर्यंत. मुलाला शेजारी सोडते, एसटीत बसते आणि पुण्याला मैत्रिणीकडे निघून जाते, परत न येण्यासाठी. तीन दिवसांनी परत येते. तुम्ही लिहिलं होतं की जायला राग पुरतो, पण परत येताना माणसाजवळ रागही उरलेला नसतो, नुसतं स्वतःला घेऊन सगळ्यांच्या नजरेसमोरून चालावं लागतं, आणि तुम्ही पाहिलेल्या सगळ्या धैर्यांत हे अवघड.

मला ते मुळीच पटलं नाही. आठवतंय ना, त्या दिवशी मी टायपिंग थांबवलं होतं? म्हणालो, "ताई, ह्यात धैर्य कुठंय? पोराला टाकून गेली. परत आली म्हणजे काय उपकार केले का? कुठं जागा मिळाली नसेल म्हणून आली." तुम्ही नेहमीसारख्या भांडला नाहीत. फक्त विचारलंत, "तो मुलगा आता मोठा झालाय. त्याला हे कळावं असं तुला वाटतं?" मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "अजिबात नको. कळलं तर तो तिच्या हातचं पाणी पिणार नाही. मी तर नसतं प्यायलो."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि पिशवी उचलून निघालात. मला वाटलं, वाद मी जिंकला. तुमच्याशी वाद जिंकायची ती माझी पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी जरा खुशीत होतो.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते. दुसऱ्या दिवशी राहिलेली पानं टाइप करताना एका ठिकाणी "सुलभा" ऐवजी "हमीदा" लिहिलेलं दिसलं. आमच्या धंद्यात ही रोजची चूक. जुन्या खरेदीखतावर नवी नावं घालून नवं खत करतो, आणि कुठेतरी एका ओळीत जुनाच माणूस बसून राहतो. तो हुडकून काढणं हेच तर माझं कसब. मला वाटलं, ताई अम्माच्या हातचा चहा पिऊन लिहायला बसल्या, हाताला तेच नाव आलं. मी ते पुसलं, "सुलभा" केलं आणि वर तुम्हाला फुशारकीने सांगितलं, "एक चूक पकडली बरं का." तुम्ही म्हणालात, "छान केलंस." ताई, तुमचा चेहरा तेव्हा कसा होता ते मी किती आठवून पाहतोय. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत होतो.

वहीत प्रत्येक प्रकरणापुढे माणसाचं खरं नाव आणि वाचून दाखवल्याची खूण आहे. नर्सबाई, खूण. बाळूकाका, खूण, आणि कंसात आठवा मजला. सुलभाच्या पुढे लिहिलंय, "हमीदाभाभी. वाचून दाखवायचं बाकी. रशीदसमोर नाही."

मी वही मिटली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणालो, आज प्रिंटर बंद आहे. प्रिंटर चालू होता.

पुढचे काही दिवस मी जेवताना अम्माकडे चोरून बघायचो. एकाहत्तर वर्षांची बाई, चपातीचा तुकडा दुधात बुडवतेय. हीच का ती? मला राग येतोय का, म्हणून मी स्वतःला चाचपून बघितलं, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. राग सापडला नाही. सापडली ती नुसती उत्सुकता. कुठली साडी नेसली होती? स्टँडवर कुणी ओळखलं का? मी रडलो का? मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. ज्या गोष्टीवर मी एवढा निवाडा दिला, ती माझ्याच घरात घडली होती आणि मी तिथे हजर होतो.

तुमच्यावर मात्र राग आला. ते प्रकरण तुम्ही माझ्याच हाताने का टाइप करून घेतलंत? पुण्यात दुसरा टायपिस्ट मिळाला नसता? की मी काय बोलतो ते तुम्हाला बघायचं होतं? तुम्ही लोकांना प्रश्न विचारायचात आणि उत्तराची चैनीत वाट बघायचात, हा तुमचा दुर्गुण होता. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण तुम्हीच म्हणायचात की मेल्यावर माणूस एकदम गुळगुळीत होतो, ते होऊ देऊ नये.

प्रकाशकांचा फोन आला, सोमवारी फाइल हवी. खूण नसलेलं प्रकरण देता येत नव्हतं. काढून टाकणं सगळ्यात सोपं होतं, कुणाला पत्ताही लागला नसता. शबानाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी वाचून दाखवते. तुमी दुकानात बसा. बाईंनी तसंच लिहून ठेवलंय." मी जवळजवळ हो म्हणालो. पण मग मला कळलंय हे अम्माला कधीच कळलं नसतं, आणि मी जन्मभर तिच्याकडे चोरून बघत बसलो असतो. म्हणून तुमचं एक वाक्य मोडलं, ताई. नेम मोडला नाही.

शुक्रवारी दुपारी अम्मा ओसरीवर मेथी निवडत होती. मी समोर बसलो. म्हणालो, "अम्मा, ताईंनी तुझ्यावर लिहिलंय. वाचून दाखवायचं राहिलंय."

तिने वर बघितलं नाही. "तू वाचनार?"

"मीच."

"समदं ठावं हाय म्हंजी."

"टाइप मीच केलं. तुझं आहे ते माहीत नव्हतं."

मेथीच्या दोन काड्या तिने निवडल्या. मग म्हणाली, "वाच मग. चष्मा घाल आदी."

मी वाचलं. दोनदा ओळ चुकलो, दोन्ही वेळा अम्मा खाकरली आणि मी पुढे गेलो. तीन दिवसांपाशी तिने थांबवलं. "तीन न्हाई, चार. चवथ्या दिशी दुपारच्या गाडीनं आले." मी दुरुस्ती केली. तुमच्या त्या रागाच्या आणि धैर्याच्या ओळी आल्या तेव्हा ती हात हलवायला लागली. "हे काड. धैर्य कसलं? तितं झोप लागंना. मैतरनीच्या घरात किती दिस बसून खानार? लाजत लाजत आले."

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. म्हणालो, "म्हणजे मजबुरीच ना? मी ताईंना तेच म्हणत होतो."

"मजबुरी बी न्हाई. तुमा दोगांना कायतरी नाव द्याया लागतं. गेले आन आले."

आपल्या वादाचा निकाल असा लागला, ताई. दोघेही हरलो.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "तू आलीस तेव्हा मी कुठं होतो?"

"दारातच हुतास की."

"काय केलं मी?"

"पिशवीत काय हाय ते बघितलंस."

"काय होतं?"

"काय न्हवतं. मग रडलास."

"आणि अब्बा?"

"काय सुदिक बोलले न्हाईत. शेवटपत्तोर. तेच लई लागलं मला."

मी कागद खाली ठेवले. म्हणालो, अम्मा, हे तुझं आहे हे माहीत नसताना मी ताईंना एक बोललो होतो. ती म्हणाली, "पान्याचं ना? बाईनं सांगितलं हुतं. म्हनल्या, भाभी, तुमचा ल्योक असं म्हनतोय, मग छापायचं का? मी म्हनलं, छापा, पर त्याच्याम्होरं वाचू नगा."

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट ही. आधी मी दुकानातून पाणी मागितलं की तांब्या अम्मा आणायची, तेव्हापासून शबाना आणत होती. मला वाटलं, अम्माचे गुडघे. मी शबानाकडे बघितलं, ती दाराशी उभी होती. तिलाही आत्ताच उमगलं होतं. एवढे महिने अम्माने तांब्या भरायचा आणि माझ्या बायकोच्या हाती द्यायचा, आणि मी गटागटा प्यायचो.

ताई, हे तुम्ही तिला का सांगितलंत? प्रामाणिकपणाची पण काही हद्द असते. आणि सांगितलं नसतंत तर काय झालं असतं, हेही मी रोज स्वतःला विचारतो, आणि उत्तर तुमच्याच बाजूने येतं.

मला रडू आलं आणि ते लपवायला म्हणालो, "अम्मा, तहान लागलीय. पाणी दे."

"उठून घे की," अम्मा म्हणाली. "हात मातीचं हायेत दिसत न्हाई?"

मी उठलो, माठातलं पाणी घेतलं, तिलाही दिलं. ती प्यायली आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, "छाप. नाव माझंच घाल. आता कुनापास्नं लपवायचं?" मग ओळ विचारायची म्हणून मी विचारली, वाचून दाखवलं, समजलं, मान्य आहे? ती म्हणाली, "व्हय बाबा, मान्य हाय. दुरुस्त्या तेवड्या कर."

मी वहीत खूण केली. उठणार तेवढ्यात अम्मा म्हणाली, "बाईनं बी तिचं सांगितलं हुतं मला. माझं सांगून झाल्यावर. ती परत गेली न्हाई त्याचं."

मी परत खाली बसलो. इतकी वर्षं तुम्ही जगाचं सांगत होतात, स्वतःचं एक अक्षर नाही. "कुठं परत गेल्या नाहीत? कुणाकडं? अम्मा, कुणाला सोडून आल्या होत्या त्या?"

अम्माने निवडलेली मेथी टोपलीत भरली, काड्या पदरात घेतल्या.

"तिला इचारल्याबिगर कसं सांगू? वाचून दावाया ती हाय का आता?"

एवढं बोलून ती काड्या टाकायला परसात गेली. तुमच्या तिन्ही पुस्तकांतला शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेलाय, ताई. हे एक प्रकरण मला कधीच टाइप करायला मिळणार नाही.